ओझरहून संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: एचटीटी-४० ला शिकवणीपुरते ठेवू नका

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
तसेच हवाई दल मुख्यालय आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संचालक मंडळ

सविनय नमस्कार.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण ओझरला आलात. नाशिकला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए त्या दिवशी आकाशात गेले, आणि तेजसच्या तिसऱ्या उत्पादन लाईनबरोबर एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या लाईनचेही उद्घाटन आपल्या हस्ते झाले. मी कुंपणाबाहेर, एका द्राक्षबागेच्या बांधावर उभा होतो. गोडी छाटणी चालू होती. तेजस वर गेले तसे छाटणीवाल्या बायकांनी कात्र्या थांबवून वर पाहिले. आमच्या भागात विमानाचा आवाज नवा नाही, तरी त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

मी त्याच कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्या गावाला आजही लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी हा कारखाना उभा राहिला, पुढे मिग-२७ आले, मग सुखोई. त्यातले मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्तही झाले. ज्यांच्या हातून ही विमाने गेली त्यांच्यापैकी मी एक, म्हणून हे पत्र. त्या दिवशी भाषणे तेजसवर झाली आणि ते योग्यच होते. पण माझे लक्ष धाकट्या भावंडावर होते. आपल्याकडे मागणे एकच आहे: एचटीटी-४० ची टेहळणी करणारी, हलकी शस्त्रे वाहणारी आवृत्ती आत्ताच हाती घ्या. मागवलेली सत्तर प्रशिक्षण विमाने पूर्ण झाल्यावर बघू, असे म्हणू नका.

आत्ताच का, ते सांगतो. त्याआधी हे विमान इथवर कसे आले ते आठवू या, कारण तोच वेळ पुन्हा लागला तर माझ्या मागण्याला अर्थ उरत नाही.

२००९ मध्ये एचपीटी-३२ दीपक हे प्रशिक्षण विमान जमिनीवर बसवले गेले. त्या विमानाच्या अपघातांत आपले १९ वैमानिक गेले होते. नव्या मुलांना पहिले धडे कशावर द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडहून ७५ पिलाटस विमाने घेतली, ती गरजच होती. त्या काळात एचटीटी-४० हवाई दलाला नको होते. एचएएलने, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, स्वतःच्या पैशाने काम चालू ठेवले. पहिले उड्डाण ३१ मे २०१६ ला झाले. १७ जूनला बंगळूरला औपचारिक उड्डाण झाले तेव्हा मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून हजर होते. आयआयटीत शिकलेला तो गोव्याचा माणूस या विमानामागे उभा राहिला नसता तर ते कुठल्यातरी शेडमध्ये धूळ खात पडले असते, असे माझे मत आहे. त्यानंतर ७० विमानांचा, ६,८२८ कोटी रुपयांचा करार व्हायला मार्च २०२३ उजाडले. मालिकेतले पहिले विमान उडाले ऑक्टोबर २०२५ मध्ये. पहिल्या उड्डाणापासून नऊ वर्षे.

यातली बरीच वर्षे कागदात गेली, काही इंजिनांची वाट पाहण्यात गेली. पण काही वर्षे खऱ्या कामात गेली आणि ती जाणे भागच होते. प्रशिक्षण विमानाला ‘स्पिन’मधून बाहेर येता आले पाहिजे. स्पिन म्हणजे विमानाचा वेग पडतो, पंखांचा उचल देणारा जोर सुटतो आणि ते भोवऱ्यासारखे गिरक्या घेत खाली येऊ लागते. शिकाऊ मुलगा ही चूक कधी ना कधी करणारच. तेव्हा विमानाने त्याचे ऐकले पाहिजे. एचटीटी-४० सुरुवातीला हवे तसे ऐकत नव्हते. मग शेपटीची रचना बदलली, पुन्हा चाचण्या झाल्या, आणि सहा गिरक्यांपर्यंतच्या स्पिनमधून ते सुखरूप बाहेर येऊ लागले. कारखान्यातल्या माणसाला विचाराल तर या विमानाचा खरा वाढदिवस तो.

आता पंखाखाली बंदुकीचा पॉड, म्हणजे बंदूक बसवलेली बंद पेटी, टांगा, पोटाखाली कॅमेऱ्याचा गोळा लावा. वजन सरकते, वाऱ्याचा प्रवाह बदलतो आणि स्पिनचे गणित परत पहिल्या पानावर येते. त्या चाचण्या नव्याने कराव्या लागतील, दोन-तीन वर्षे सहज जातील. माझी घाई या हिशेबातून आहे. आज सुरुवात केली तर सत्तर विमानांची लाईन गरम असतानाच नवी आवृत्ती तिच्यात शिरेल. लाईन थंड पडली की कुशल हात दुसरीकडे जातात, भाग जोडायचे साचे (जिग) गंजतात, पुरवठादार दुसरी कामे घेतात. सुखोईच्या ऑर्डरी संपत आल्या तेव्हा ओझरने हे पाहिले आहे. बसस्टँडवर रोज भेटणारी तरणी पोरे ‘पुढे काय’ एवढेच विचारायची.

पण लाईन चालू राहावी म्हणून विमान बांधा, असे मी म्हणणार नाही. गरज नसेल तर एक रिव्हेटसुद्धा मारू नये. गरज आहे का, ते पाहू.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एका रात्रीत सीमेवरच्या ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले गेले, असे सरकारनेच जाहीर केले. आपल्या विमानविरोधी तोफांनी, विशेषतः जुन्या एल-७० नी, त्या रात्री नाव राखले. पण तोफ जिथे मांडली तिथेच असते आणि ड्रोन ती नसेल तिथून येतो. त्याच्यामागे सुखोई पाठवायचा तर सुखोईला एवढे हळू उडणेच अवघड. युक्रेनवर सोडले जाणारे शाहेद ड्रोन ताशी १८०-१८५ किलोमीटरने जातात, टेहळणीचे छोटे ड्रोन त्याहून हळू. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी घडवलेल्या विमानाने त्यांचा पाठलाग करणे म्हणजे शिवशाही बसने गल्लीतल्या सायकलवाल्याला गाठण्यासारखे आहे. वर क्षेपणास्त्र सोडायचे ते ड्रोनच्या कित्येक पट किमतीचे.

युक्रेनने २०२४ मध्ये काय केले ते हवाई दलाला ठाऊक आहेच. याक-५२ नावाचे, पंख्याचे, दोन आसनी जुने प्रशिक्षण विमान बाहेर काढले. पुढे वैमानिक, मागे बंदूक घेतलेला माणूस. ओदेसाच्या आकाशात त्यांनी रशियाचे टेहळणी ड्रोन पाडले. पोर्तुगालने डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलची १२ सुपर टुकानो, म्हणजे पंख्याची हलकी लढाऊ विमाने, घेण्याचे ठरवले. एवढी श्रीमंत अमेरिका, तिने शेतात औषध फवारणाऱ्या विमानावर आधारलेले ओए-१के हे टेहळणी आणि हल्ल्याचे विमान आपल्या विशेष दलांसाठी २०२२ मध्ये निवडले. निफाडचा शेतकरी हे ऐकून चमकेल, पण त्यात नवल काही नाही. फवारणीचे विमान खाली, हळू आणि दिवसभर उडण्यासाठीच बांधलेले असते, वाईट धावपट्टीवर उतरते, आणि त्याची दुरुस्ती हातातल्या पान्यांनी होते.

ही कल्पना मुळात जुनी. अमेरिकी मरीन दलातल्या बेकेट आणि राईस या दोन अधिकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घरच्या गॅरेजमध्ये अशा विमानाचा आराखडा उभा केला. जमिनीवरच्या सैन्याच्या शेजारीच राहील, कच्च्या रस्त्यावरून उडेल, शत्रू शोधेल, त्याच्यावर खूण करेल आणि वेळ पडली तर स्वतः मारेल. त्यातून पुढे ब्रॉन्को निघाले, १९६५ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि व्हिएतनाममध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले. २०१५ मध्ये, ते निवृत्त होऊन वीस वर्षे झाल्यावर, अमेरिकेने दोन ब्रॉन्को पुन्हा इराकमध्ये नेली. सुमारे ऐंशी दिवसांत त्यांनी शंभराहून अधिक लढाऊ फेऱ्या केल्या. जगातली सर्वांत महागडी विमाने त्यांच्याकडे होती, तरीही.

आणि आपल्या घरातली गोष्ट? देवळालीच्या तोफखाना शाळेतल्या माणसांना विचारा. डोंगरापलीकडे पडलेला गोळा तोफेवाल्याला दिसत नाही, म्हणून तोफखान्याचेच अधिकारी कापडाच्या पंखांची छोटी ऑस्टर विमाने घेऊन वर जात आणि रेडिओवरून ‘दोनशे डावीकडे’ सांगत. त्यांना एअर ओपी म्हणत. १९४७-४८ मध्ये काश्मीरवर हीच विमाने उडाली. त्यांच्या जागी जे देशी विमान आले त्याचे नाव कृषक. ते घडवले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूरकडच्या हसूरचंपूचा हा मुलगा जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकून आला आणि त्याने आपल्याला एचटी-२ दिले, पुष्पक दिले, कृषक दिले, किरण दिले. आजही इथल्या किती शाळांत हे नाव सांगतात? विमानाच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावरच्या मुलांनासुद्धा ते माहीत नसते, याचे मला फार वाईट वाटते.

घाटग्यांच्या किरणचाच दाखला माझ्या कामाचा आहे. १९६४ मध्ये उडालेले किरण शिकवण्यासाठी होते. त्याची दुसरी आवृत्ती, मार्क-२, १९७६ मध्ये आली. पंख मजबूत केले, जास्त ताकदीचे इंजिन बसवले, नाकात दोन मशीनगन घातल्या, पंखांखाली शस्त्रांसाठी चार जागा ठेवल्या. म्हणजे शिकवणाऱ्या विमानाला लढायला लावणे हे आपल्याच कारखान्यांनी पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. एचटीटी-४० च्या सशस्त्र आवृत्तीबद्दल एचएएलही पूर्वी जाहीरपणे बोलले होते. तो विषय कुठे थांबला?

१९७१ ची किलो फ्लाइट तर आणखी बोलकी. बांगलादेशच्या मुक्तियोद्ध्यांना आपण एक ऑटर दिले, एक अलूएट हेलिकॉप्टर दिले आणि एक डकोटा. ऑटर म्हणजे माणसे आणि सामान नेणारे, एका इंजिनाचे संथ विमान. त्याला रॉकेटचे पॉड बांधले. दिमापूरच्या डोंगरात त्या वैमानिकांनी रात्रीच्या उड्डाणांचा सराव केला. ३ डिसेंबरच्या रात्री ऑटरने चितगावच्या आणि अलूएटने नारायणगंजच्या तेलसाठ्यांवर हल्ला केला. माझ्या ओळखीचे एक वृद्ध हवाई सैनिक ही गोष्ट सांगताना नेहमी हाताने रिंच फिरवल्यासारखे करत. त्यांच्या दृष्टीने ती गोष्ट वैमानिकांइतकीच पॉड बसवणाऱ्या मेकॅनिकांची होती.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे पत्र विक्रेत्याचे होईल.

हलके विमान क्षेपणास्त्रांसमोर टिकत नाही. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर पुकारा ही पंख्याची हलकी लढाऊ विमाने नेली, त्यातले एकही युद्धानंतर परत गेले नाही. पेबल बेटावर तर ब्रिटिश कमांडोंनी एका रात्रीत उभी असलेली सहा पुकारा उडवली. १९९१ च्या आखाती युद्धात दोन ब्रॉन्को पडली. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि चार जवान गेले. एचटीटी-४० त्या आकाशात पाठवणे म्हणजे पोरांना मारणे. त्याची उंचीची मर्यादाही सुमारे सहा हजार मीटर. लडाख हे त्याचे घर नाही. त्याचे घर कच्छचे रण, राजस्थान, पंजाब, किनारपट्टी आणि आपल्या तळांभोवतालचे आकाश, आणि तेही सीमेच्या अलीकडे.

दुसरे, ते सुपर टुकानो नव्हे. सुपर टुकानोचे इंजिन १,६०० अश्वशक्तीचे आणि उड्डाणाचे कमाल वजन ५,४०० किलो. आपले ९५० अश्वशक्तीचे, २,८०० किलोचे. ज्याला सगळे टांगायचे आहे त्याने दुसरे विमान बघावे. माझ्या मते याच्यावर आधी डोळे बसवावेत, मग दात: दिवसा-रात्री पाहणारा कॅमेरा, जमिनीवरच्या रडारची माहिती थेट विमानात आणणारी डेटा-लिंक, एक बंदूक, थोडी लेझरने नेम धरणारी रॉकेटे, आणि उष्णतेवर येणारे क्षेपणास्त्र चकवण्यासाठी फ्लेअर, म्हणजे जळत सोडायचे गोळे. एवढेच. शिकवणीच्या विमानात एकामागे एक दोन जागा असतातच. पुढच्याने उडवावे, मागच्याने कॅमेरा आणि बंदूक सांभाळावी. ताशी ४५० किलोमीटरचा कमाल वेग ड्रोन गाठायला भरपूर आहे. शून्य उंचीवरूनही वैमानिकाला बाहेर फेकून वाचवणारी इजेक्शन सीट आहे, म्हणजे खाली उडणाऱ्याला जगण्याची संधी आहे. एचपीटी-३२ च्या मुलांना ती नव्हती.

मग मानवरहित विमानेच का नकोत, असे विचाराल. ती हवीतच. ३१ एमक्यू-९बी विमानांचा करार २०२४ मध्ये झाला आहे, ती लांब समुद्रावर चोवीस तास नजर ठेवतील. पण रेडिओ जाम झाला की दूरच्या खोलीत बसलेल्या माणसाचा हात तुटतो. अंधारात येणारी ती ठिणगी ड्रोनची आहे, गिधाडाची आहे की भरकटलेल्या नागरी विमानाची, हे जवळ जाऊन डोळ्याने पाहणारा माणूस काही वेळा लागतोच.

जवळ जाऊन पाहणारा म्हणजे आपल्याच तोफांच्या टप्प्यात जाणारा, हेही आलेच. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपलेच एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांमध्ये आमच्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. गोदाकाठी त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी मी पाहिली आहे. ड्रोनच्या शिकारीसाठी छोटे विमान उडवायचे असेल तर पहिला खर्च बंदुकीवर नको, मित्र-शत्रू ओळखण्याच्या यंत्रणेवर आणि तोफखान्याशी ठरवलेल्या हवाई वाटांवर करा. ते जमणार नसेल तर माझी मागणी मागे घेतो.

आणि एक अट, जी मला सगळ्यांत जवळची आहे. हे विमान स्वस्त, म्हणून वापरायला सोपे, आणि सोपे म्हणून धोक्याचे. ५ मार्च १९६६ ला ऐजॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले, मिझोराम ते आजही विसरलेले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नायजेरियाच्या हवाई दलाने योबे राज्यातल्या बुहारी गावात आपलेच गावकरी मारले. २०१० मध्ये आपले हवाई दलप्रमुख प्रदीप नाईक यांनी नक्षलवाद्यांविरुद्ध हवाई दल वापरण्याला विरोध केला होता, आणि त्यांचे कारण साधे होते: लष्करी शस्त्रे जास्तीत जास्त मारण्यासाठी बनवलेली असतात. भामरागडच्या जंगलात तेंदूपाने गोळा करणारी बाई वरून कशी दिसते, हे कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून या विमानाच्या मंजुरीच्या कागदावरच लिहा की देशाच्या हद्दीत जमिनीवरच्या माणसांवर ते शस्त्र चालवणार नाही. पूर, वणवा, हरवलेली बोट शोधायला ते खुशाल जाऊ दे. ज्या विमानात आमच्या गावच्या पोरांचे हात लागणार, ते आपल्याच गावांवर गोळ्या झाडायला जाणार नाही, एवढा शब्द त्यांना मिळाला पाहिजे.

किती विमाने, हा आकडा हवाई दलाने ठरवावा. सत्तर विमानांच्या करारात सुट्या वस्तू, सिम्युलेटर वगैरे धरून एका विमानामागे सत्याण्णव कोटींच्या आसपास पडतात. सशस्त्र आवृत्ती त्याहून महाग पडेल हे मला कळते. म्हणून आज शंभराची ऑर्डर मी मागत नाही. एचटीटी-४० चे दोन प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बांधलेले नमुने, आहेत, २०१६ आणि २०१७ मध्ये उडालेले. प्रशिक्षण आवृत्तीच्या चाचण्यांत त्यांनी आपले काम केले. त्यातले एक या कामासाठी सोडा. त्याच्या पोटाखाली कॅमेऱ्याच्या वजनाचा आणि आकाराचा रिकामा गोळा बसवा, पंखाखाली रिकामे पॉड टांगा आणि स्पिनच्या चाचण्या सुरू करा. याला नवा कारखाना लागत नाही, परदेशी परवाना लागत नाही. एक विमान, एक चाचणी वैमानिक, थोडे डिझायनर आणि ओझरचे किंवा बंगळूरचे चार चांगले फिटर पुरतात. सहा महिन्यांत कळेल की हे विमान ओझे घेऊन वैमानिकाचे ऐकते की नाही. ऐकले नाही तर तसे जाहीर सांगा, आम्ही समजून घेऊ.

पॉड बसवायला माणूस कमी पडला तर निरोप पाठवा. हात अजून थरथरत नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर
ओझर (मिग), ता. निफाड, जि. नाशिक